सागवानी जहाज सागवानाचं करू नका

मागच्या अंकात मी माझ्या ‘ट्रिंकोमाली’ या शिडाच्या जहाजाच्या प्रतिकृतीबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना इथे उत्तरं देते. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होते. निवृत्त झाल्यापासून नागपूरच्या महाल भागातल्या घराच्या मागच्या खोलीत जहाजं बांधते. प्रमाण १:९६, म्हणजे खऱ्या जहाजाचे ८ फूट माझ्या टेबलावर १ इंच.

उत्तरांमध्ये एक पुठ्ठ्याचा माणूस वारंवार येईल. साडेपाच फुटांचा खलाशी १:९६ मध्ये साडेसतरा मिलिमीटरचा होतो. जुन्या लग्नपत्रिकेतून कापलेला तसा एक खलाशी मी कायम डेकवर उभा ठेवते आणि काही अडलं की आधी त्याच्याकडे पाहते.

प्रश्न : ताई, तुमचं मूळ जहाज मुंबईत सागवानात बांधलं होतं असं तुम्ही लिहिलंत. लकडगंजात माझ्या मामेभावाची आरामशीन आहे, जुनं बल्लारशाह सागवान हवं तेवढं मिळतं. त्याच्याच पट्ट्या पाडून घेतल्या तर मॉडेल जास्त खरं होईल ना? – एक वाचक, वर्धमाननगर

तुमचा विचार मला मनापासून आवडला, कारण मीही नेमका तोच केला होता. ट्रिंकोमाली जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे आणि अजून तरंगते. सागवानातलं तेल लाकूड कुजू देत नाही. एवढं टिकलेलं लाकूड सोडून दुसरं कशाला घ्यायचं, असं मलाही वाटलं होतं.

पण सागवानाची फळी उन्हात तिरपी धरून पाहा. तिच्यावर बारीक उभ्या रेघा दिसतात, ती लाकडाची छिद्रं. त्यातली पाव मिलिमीटरची एक रेघ ९६ पट करा, खऱ्या जहाजावर जवळजवळ इंचभर रुंद चर होतो. पुठ्ठ्याचा खलाशी शेजारी ठेवला की त्याच्या हाताचा अंगठा त्या चरात जाईल. जहाज छोटं केलं तरी झाडाचा पोत छोटा होत नाही. म्हणून सागवानी जहाज दाखवायचं असेल तर सागवान नको, सागवानासारखं दिसेल असं दाट लाकूड हवं.

ते आपल्याकडेच आहे : हळदू, काही ठिकाणी हेदू म्हणतात. विदर्भाच्या जंगलातलं झाड. लाकूड पिवळट, दाट, रेषा जवळजवळ न दिसणारी. कंगवे आणि कोरीव वस्तू त्याच्या करतात ते याच गुणामुळे. धारदार चाकूने कापलं तर कडा तुटत नाही. परदेशी मॉडेलवाले ज्या बॉक्सवूडसाठी भरपूर पैसे मोजतात त्याचं काम हळदू चोख करतं. मामेभावाला सांगा की हळदूचा निदान दोन वर्षं सुकलेला तुकडा शोधून ठेव. मोठ्या करवतीवर १ मिलिमीटरच्या पट्ट्या पाडू नका, निम्मं लाकूड भुशात जातं. तिथून फक्त इंचभर जाडीच्या फळ्या आणा आणि पट्ट्या लहान टेबल-करवतीवर पाडा. पट्ट्यांना हलका तपकिरी रंग द्या, वर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीचा पातळ हात मारा. आतल्या फासळ्यांना ३ मिलिमीटरचं चांगलं प्लायवूड पुरतं, ते कुणाला दिसत नाही.

आणि बल्लारशाह सागवान घ्याच, त्याचं स्टँड करा. स्टँड खऱ्या आकाराची वस्तू आहे, तिथे ते लाकूड शोभून दिसतं.

आरेखक म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ट्रिंकोमालीचे आराखडे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या जहाजातून निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेने जावाला हरवलं. जावा गेली, तिच्याबरोबर आराखडेही गेले, आणि मुंबईला दुसरी प्रत पाठवावी लागली. खात्यात ट्रेसिंगची दुसरी प्रत काढायचा कंटाळा केलेल्या माझ्या सहकाऱ्यांना मी ही हकिकत कितीदा तरी ऐकवली आहे. तुम्हीही आराखड्याच्या दोन प्रती ठेवा. एक भिंतीवर, एक कापायला.

प्रश्न : मेमध्ये माझ्या जहाजाच्या फळ्या सुटून राहिल्या आहेत. पुढच्या गोलाईवर तर नख जाईल एवढी फट पडली. लांबी (पुट्टी) भरली, पुन्हा तडा गेला. फेविकॉल कमी पडला का? – एक वाचक, भंडारा

फेविकॉलचा दोष नाही. फळ्या कोणत्या महिन्यात चढवल्या ते तुम्ही लिहिलं नाही, पण मी पैज लावून सांगते, श्रावण-भाद्रपदात.

माझ्या पहिल्या जहाजाचं असंच झालं. ऑगस्टमध्ये रोज संध्याकाळी चार-चार फळ्या चढवल्या, गणपतीपर्यंत दोन्ही बाजू पूर्ण. इतक्या घट्ट बसल्या होत्या की पॉलिश पेपर मारल्यावर जोड सापडेना. दिवाळीला येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवलं. मग मे आला. आम्ही पंधरा दिवस बाहेरगावी होतो, घर बंद, कूलर बंद, पारा ४५च्या वर. परत आलो तेव्हा नाळेजवळच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळच्या, सहा फळ्या एकमेकींपासून सुटलेल्या आणि एक मधोमध चिरलेली. मी त्या रात्री जेवले नाही.

लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. पावसाळ्यात ते ओल पिऊन फुगलेलं असतं. त्या फुगलेल्या मापाला आपण फळ्या घट्ट बसवतो, आणि उन्हाळ्यात प्रत्येक फळी केसभर आकसते. वीस फळ्यांचे वीस केस एकत्र झाले की जिथे वाक जास्त, तिथे तडा जातो. त्यात आपल्या घरातला कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून दिवसभर ओली हवा, रात्री बंद केला की कोरडी. विदर्भातलं लाकूड उन्हाळ्यात रोज एकदा पावसाळा आणि एकदा मे बघतं.

म्हणून फळ्या दिवाळीनंतर चढवायच्या आणि शिवरात्रीपर्यंत संपवायच्या. त्या दिवसांत हवा ना ओली ना भाजकी. लाकूड निदान तीन-चार महिने आधी त्याच खोलीत आणून ठेवा. फळी वाकवायची असेल तर थोडी भिजवून गरम पितळी नळीवर वाकवा, साच्यावर रात्रभर चिमट्यांनी बांधून ठेवा आणि पूर्ण वाळल्यावरच चिकटवा. ओली फळी चिकटवलीत तर आकसण्याचं कर्ज आधीच काढून ठेवलंत. डेक बंद करण्याआधी सांगाड्याच्या आतूनही चपडीचे दोन हात द्या. ओल पूर्ण थांबत नाही, पण हळू आत-बाहेर करते, आणि लाकडाला हळू हललेलं सोसतं. कूलरचा झोत जहाजावर कधीही नको.

आत्ता पडलेल्या फटीत लांबी भरू नका. जुलैत लाकूड फुगेल आणि लांबी बाहेर ढकलेल. मार्गशीर्षापर्यंत थांबा. तेव्हा जी फट उरेल तिच्यात त्याच लाकडाची पाचरीसारखी तासलेली चिरटी फेविकॉल लावून सरकवा आणि वाळल्यावर सपाट करा. माझ्या त्या पहिल्या जहाजावर अशा अकरा चिरट्या आहेत.

प्रश्न : दोर बांधून झाले, पण सगळं जहाज पेटीकोटच्या नाडीने बांधल्यासारखं जाड दिसतं. माप पुस्तकातूनच घेतलं होतं. शिवाय पावसात दोर इतके ताणले की पुढची डोलकाठी मागे झुकली. – एक वाचिका, धरमपेठ

तुमचं माप चुकलेलं नाही, मापाचा अर्थ चुकला. जुन्या नौदलाच्या तक्त्यांत दोराचा व्यास नसतो, घेर असतो. ‘९ इंची दोर’ म्हणजे ज्याच्याभोवती फीत गुंडाळली तर ९ इंच भरते तो. त्याला ३.१४ ने भागा, व्यास पावणेतीन-तीन इंच. १:९६ मध्ये तो पाऊण मिलिमीटर होतो. तुम्ही ९ इंच व्यास धरलात, म्हणून जवळजवळ अडीच मिलिमीटरची दोरी बांधली गेली. एवढ्या दोराला खलाशाची मूठ बसत नाही. पुठ्ठ्याच्या माणसाचा हात शेजारी धरून पाहा.

ताणाचं कारण सुती धागा. तो ओल पितो, जाड होतो आणि लांबीत आखडतो. पॉलिस्टरचा धागा घ्या, इतवारीत शिवणकामाच्या सामानाच्या दुकानांत हव्या त्या जाडीत मिळतो. मेणावरून दोनदा ओढा म्हणजे तंतू बसतात. डोलकाठीला कायमचा आधार देणारे दोर खऱ्या जहाजावर डांबरलेले असत, ते गडद तपकिरी करा. ठार काळा रंग छोट्या जहाजावर डोळ्यांत खुपतो. शिडं ओढायचे-सोडायचे दोर डांबराशिवाय असत, ते फिकट.

आता शिडीसारखे आडवे दोर. खलाशी यांच्यावर पाय देऊन वर चढत. दोन पायऱ्यांत साधारण १३ ते १५ इंच अंतर असे, म्हणजे आपल्याकडे पावणेचार मिलिमीटर. पुठ्ठ्याच्या माणसाच्या गुडघ्याच्या जरा खाली यायला हवं. ते मांडीपर्यंत येत असेल तर तुमचा खलाशी वर चढूच शकणार नाही. कागदावर पावणेचार मिलिमीटरच्या रेघा मारून तो दोरांच्या मागे लावा, आणि मधल्या प्रत्येक उभ्या दोराला खुंटगाठ, म्हणजे क्लोव्ह हिच, मारत जा. गाठ आवळायची, दोर ओढायचा नाही. जरा ओढलात की उभे दोर मध्ये आत खेचले जातात आणि डमरूचा आकार होतो. शेकडो गाठी आहेत. मी रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास बसत असे, त्याहून जास्त नाही, कारण थकलेला हात ओढतोच. एका डोलकाठीला दोन महिने लागले आणि मला ते महिने फार प्रिय आहेत.

तुमचे जाड दोर काढून टाका. फेविकॉलचा जोड कोमट पाण्याने सुटतो, धीर धरा.

प्रश्न : तळाला तांब्याचे पत्रे लावायचे आहेत. खिळ्यांचे ठिपके कसे उमटवू? – एक वाचक, काटोल

उमटवू नका. खरा पत्रा ४ फूट लांब आणि १४ इंच रुंद, आपल्याकडे १२.७ बाय ३.७ मिलिमीटर. त्याच्यावरचे खिळे ठोकून सपाट केलेले असत. या प्रमाणात ठिपका उठवला तर तळाला गोवर आल्यासारखा दिसतो. सीताबर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तांब्याची चिकटपट्टी मिळते, तिचे तुकडे कापून मागून पुढे आणि खालून वर लावत या, प्रत्येक ओळीत सांधे अर्ध्या पत्र्याने सरकवून. वर वॉर्निश नको. तांबं आपोआप मंद होऊ द्या.

प्रश्न : मी नववीत आहे. मला कान्होजी आंग्र्यांची गुराब बनवायची आहे. आजोबा म्हणतात की आधी तयार किट घे. – एक विद्यार्थिनी, रामटेक

बेटा, आजोबा काळजीपोटी सांगतात, पण किटमध्ये गुराब कुठली मिळणार? तू गुराबीच्या आधी गलबत बांध, आंग्र्यांचंच. गुराब म्हणजे मोठं लढाऊ जहाज : तिला दोन किंवा तीन डोलकाठ्या, पुढे लांब निघालेली नाळ आणि त्या नाळेवरून सरळ पुढे मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा. गलबत लहान, बहुधा ७० टनांच्या आतलं. दोन डोलकाठ्या, त्यातल्या मोठीवर तिकोनी शीड, ज्याचं टोक डोलकाठीच्याही बरंच वर जातं. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांत हे सगळं आहे, आणि गलबताला ४०-५० वल्ही असत हेही आहे. गुराबी वारा नसताना अडकल्या की ही गलबतं त्यांना ओढून शत्रूच्या अंगावर नेत. दोर कमी, गाठी कमी, तोफा छोट्या. पहिल्या जहाजाला हेच हवं.

तू १:४८ प्रमाण घे, १ इंचात ४ फूट. आधी पुठ्ठ्याचा माणूस काप, तुझा ३५ मिलिमीटरचा होईल. आता गणित कर. ४० वल्ही म्हणजे एका बाजूला २०. मागे-पुढे बसलेल्या दोन वल्हेकऱ्यांत निदान ३ फूट हवेत, नाहीतर वल्हं पुढच्याच्या पाठीत बसेल. म्हणजे नुसत्या वल्ह्यांनाच ६० फूट, तुझ्या कागदावर १५ इंच. त्यात पुढची नाळ आणि मागचा सुकाणूचा भाग मिळव, तुझी लांबी तुला मिळाली. रुंदीसाठी दोन माणसं शेजारी बसव, मध्ये तिसऱ्याला चालायला वाट ठेव.

बाजूने, वरून आणि समोरून अशी तीन चित्रं काढ, कार्बनने दुसरी प्रत काढून मला पाठव. फळ्या चढवण्याच्या आधी पाठव. शाळेच्या सहामाहीनंतर, दिवाळीच्या सुट्टीत आपण सांगाडा सुरू करू, म्हणजे थंडी संपेपर्यंत तुझ्या फळ्या बसतील.