प्रश्नोत्तरे : भाट्याच्या किनाऱ्यावरील शांतता आणि कंबर तलावाच्या फेऱ्या

प्रश्न : मी सोलापुरात एका यंत्रमाग कारखान्यात हिशेबाचे काम करतो, वय ५४. गेल्या वर्षी त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास रत्नागिरीला मुक्काम झाला, तेव्हा पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर चालताना डोक्यातली कटकट आपोआप थांबली. येथे कंबर तलावाकाठी नेमाने फेऱ्या मारतो, परंतु पावलागणिक येणी-देणीच आठवतात. हा गुण समुद्राचा की सुट्टीचा? केवळ चालण्यासाठी पुन्हा एवढ्या लांब जायचे म्हटले, तर घरचे हसतात.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : सुट्टीचा वाटा आहेच, रत्नागिरीत तुमच्याकडे कोणी बिले घेऊन आलेले नव्हते. तरीही सारे श्रेय सुट्टीला देता येणार नाही, कारण तीच सुट्टी एखाद्या गजबजलेल्या बाजारपेठेत घालवली असती, तर असा अनुभव बहुधा आला नसता.

तुमचा कान दिवसभर मागाच्या खडखडाटात असतो. तो आवाजही तालबद्धच आहे, पण तो ताल तंतोतंत सारखा असल्यामुळे जरा खंड पडला की काहीतरी बिघडले, असे समजून माणूस दचकतो. लाटांचे तसे नाही. एखादी लाट पायापर्यंत येते, दुसरी अर्ध्यावरच विरते, मध्येच दोन एकमेकींवर चढतात. लय कायम राहते, परंतु कोणतीही लाट चुकली असे वाटत नाही. त्यामुळे मन त्या आवाजाकडे लागून राहते आणि सावध मात्र होत नाही. शिवाय किनारा सरळ पसरलेला असल्यामुळे तेथे वळण नाही, वाहन नाही आणि मोजायला फेऱ्याही नाहीत. हिशेबनिसाला फेऱ्या मोजायला मिळाल्या की तो मोजणारच, आणि एकदा मोजणी सुरू झाली की तिच्यामागून येणी-देणी येणारच.

आणखी एक गोष्ट तुमच्या पथ्यावर पडली, ती म्हणजे तिथी. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास साधारणपणे मिळतो. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा येते. म्हणजे भरती दुपारच्या सुमारास आणि ओहोटी त्याच्या सुमारे सहा तास आधी, म्हणजे भल्या पहाटे. त्यातही पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा दूर हटते आणि मागे ओली, घट्ट, सपाट पुळण उरते, जिच्यावर पाऊल रुतत नाही. खेकड्यांनी बिळांभोवती मांडलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या तुम्ही तेथेच पाहिल्या असतील. हाच प्रवास अष्टमीला केलात, तर भरती सहाच्या सुमारास येईल आणि सकाळी सुरूच्या झाडांजवळच्या भुसभुशीत वाळूतून पाय ओढत चालावे लागेल. पोटऱ्या भरून आल्यावर शांतता कसली? तेव्हा रजेचा अर्ज लिहिण्यापूर्वी पंचांग पाहावे, आणि मुक्कामी पोहोचल्यावर नेमकी वेळ स्थानिक कोळी बांधवांना विचारून घ्यावी. खाडीच्या मुखाशी ओढ असते, तेथे पाण्यात उतरू नये. पावसाळ्यात हा बेत करूच नये.

तलाव म्हणजे समुद्र नव्हे, आणि तशी कल्पना करून चालण्याने काही साधत नाही. पण फेऱ्यांची मोजदाद तेवढी सोडता येते. कंबर तलावाकाठी किती वेळ चालायचे एवढेच ठरवा, भ्रमणध्वनी घरी ठेवा आणि मनाला वाटेल तेथे थांबा. रविवारी जमल्यास तुळजापूर रस्त्यावरच्या हिप्परगा तलावाकडे जावे. १८७१ साली पूर्ण झालेल्या या जलाशयाचा विस्तार मोठा असल्यामुळे नजर बरीच दूरवर जाते आणि हिवाळ्यात पाणपक्षीही दिसतात. उन्हाळ्यात मात्र ऊन चढण्याआधी परतावे. हिशेबाच्या काळजीने झोपच उडत असेल आणि असे काही आठवडे चालले असेल, तर चालण्यावर विसंबून न राहता डॉक्टरांना भेटावे.

राहिले घरच्यांचे हसणे. सोलापूर ते रत्नागिरी हे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि शेवटी आंबा घाट उतरावा लागतो, त्यामुळे त्यांचे म्हणणे अगदीच वावगे नाही. एका मुक्कामासाठी जाऊ नये. पहिली सकाळ प्रवासाच्या शिणातच जाते. दोन-तीन मुक्काम ठरवून त्यांनाही सोबत न्यावे, मात्र पहाटेचा तास स्वतःसाठी राखून ठेवल्याचे निघण्यापूर्वीच सांगावे.