रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर ६५० ला बाहेरचे (कंपनीचे नसलेले) सायलेन्सर घरी बसवता येतात का? ईसीयू मॅपिंग (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं पेट्रोलचं गणित बदलणं) लागतं का, आणि पोलीस पकडतात का?

फक्त मागच्या दोन नळ्या (स्लिप-ऑन) बदलणार असाल तर घरी आरामात जमतं आणि मॅपिंगही लागत नाही. पोलिसांचं उत्तर मात्र तुम्हाला आवडणार नाही, ते शेवटी देतो.

माझ्याकडे हीच गाडी आहे आणि स्लिप-ऑन लावलेत, त्यामुळे आधी अपेक्षांचं बोलू. ६४८ सीसी, ४७ बीएचपीच्या गाडीत स्लिप-ऑनने जाणवेल इतकी ताकद वाढत नाही, विकणारा काही का सांगेना. कमी होतं ते वजन. मूळचा सायलेन्सर काढून एकदा हातात धरा, लगेच पटेल. आवाजाचा बाज तर मुळात क्रँकमधून (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्यातून) येतो. २७० अंशांच्या क्रँकमुळे दोन सिलिंडर सारख्या अंतराने पेटत नाहीत. एकदा २७० अंशांनी, मग ४५० अंशांनी. तो लंगडा ठेका कंपनीच्या सायलेन्सरमध्येही असतोच, फक्त दबलेला. जुन्या बुलेटची धकधक हवी असेल तर ती एका सिलिंडरची करामत, इथे कुठलीही नळी लावून ती यायची नाही.

मॅपिंग का नको? कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग, थोडक्यात ‘कॅट’) आणि ऑक्सिजन सेन्सर इंजिनातून निघणाऱ्या पुढच्या बेंड पाइपमध्ये आहेत. तुम्ही हात लावताय तो त्यांच्या मागे. संथ चालीत सेन्सर बघून ईसीयू पेट्रोल सांभाळून घेतो. बेंड पाइप बदलून कॅट उडवला, एअर फिल्टरही मोकळा केला, तर खेळ वेगळा. मग मॅपिंग आलं, प्रदूषण आलं आणि वॉरंटीचा वादही आला. त्या वाटेला जाऊ नका.

आता बसवणं. इंजिन पूर्ण गार असू दे, गाडी मेन स्टँडवर. पुढे सांध्यावर क्लॅम्प आणि मागे फूटरेस्टच्या ब्रॅकेटपाशी पकड. क्लॅम्प गंजला असेल तर पाना लावून झटापट करू नका, गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडा वेळ थांबा. सायलेन्सर सरळ ओढला की निघत नाही, डावीउजवीकडे घुमवत ओढावा लागतो. सांध्यातलं गॅस्केट दबलेलं किंवा तुटलेलं दिसलं तर नवीनच टाका. इथून हवा आत शिरली की थ्रॉटल सोडल्यावर नळीत न जळलेलं पेट्रोल पेटतं आणि फटाफट वाजतं. काही जणांना तेच आवडतं म्हणा!

नवीन नळी लावताना सगळं आधी ढिलं ठेवा. मागचा बोल्ट आपोआप भोकात बसला पाहिजे. ताणून बसवलात तर धक्क्यांनी पुढे वेल्डला तडा जातो. मग मागे उकिडवं बसून दोन्ही नळ्या एका उंचीवर आहेत का बघा, आणि क्लॅम्प आधी, मागचे बोल्ट नंतर, असं कसत या. मेन स्टँड वर घेतल्यावर कुठे आपटत नाही ना, तेही तपासा. सुरू करण्याआधी नळी स्पिरिटने पुसून घ्या, नाहीतर तुमच्या बोटांचे ठसे चकचकीत स्टीलवर कायमचे भाजले जातील. एक फेरी मारून गार झाल्यावर बोल्ट पुन्हा कसा.

आता पोलीस. १७५ सीसीवरच्या दुचाकीसाठी आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. ती ठरलेल्या पद्धतीच्या चाचणीतली, नळीजवळ मोबाइल धरून मोजलेली नव्हे. पीयूसीत आवाज मोजतच नाहीत, त्यामुळे ‘माझी पीयूसी आहे’ हे उत्तर चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. विनापरवाना बदलासाठी कलम १८२अ(४) वेगळं आहे, तिथे प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड. पुण्यात, नागपुरात जप्त सायलेन्सरांवर रोड रोलर फिरवलेत. डीबी किलर (नळीच्या तोंडात बसणारा आवाज दाबणारा तुकडा) ठेवलात तर कोणी थांबवण्याची शक्यता कमी होते, पण मंजुरी नसलेली नळी त्याने कायदेशीर होत नाही. ‘रोडवर चालतं’ असं दुकानदार म्हणाला तर मंजुरीचा कागद मागा आणि तोंड बघा.

एवढं ऐकूनही लावायचंच असेल तर डीबी किलर बोल्टने बसणारा, जाड पत्र्याचा सेट घ्या, आणि जुने सायलेन्सर भंगारात देऊ नका. गाडी विकताना गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच मागतं.