व्हिएन्नाला मला कोण ओळखणार?

प्रश्न: ताई, मी कोल्हापुरात पंचगंगेच्या पुरावर पीएच.डी. करते. दुसरं वर्ष आहे. गाइड जीव लावून शिकवतात, पण परदेशात त्यांच्या ओळखी नाहीत. पुण्यातल्या मैत्रिणींचे जर्मनी, जपानमधल्या लोकांबरोबर पेपर येतात. मी तीन नामवंत प्राध्यापकांना मेल केला, एकाचंही उत्तर नाही. तो मेल सोबत जोडलाय. इंग्रजी बोलताना अडखळते. व्हिएन्नाला भरणाऱ्या युरोपियन जिओसायन्सेस युनियनच्या परिषदेला जायची फार इच्छा आहे, पण तिथं मला कोण ओळखणार?
– एक वाचक, उचगाव

उत्तर: मेल जोडलास ते बरं केलंस. पहिल्या सहा ओळींत तुझी पदवी, टक्के आणि ‘आपल्या मार्गदर्शनाखाली संधी मिळावी’ ही विनंती आहे. पंचगंगा सातव्या ओळीत येते. जिथं तिच्या पुराची पातळी मोजतात तो राजाराम बंधारा तर कुठंच नाही! अगं, लिहायचं ते तेच होतं.

बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 ला धोका, हे आपल्याकडं शाळेतली पोरंसुद्धा सांगतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 55 फुटांच्या वर गेलं. पश्चिमेला गगनबावड्यात धो धो पाऊस आणि पूर्वेला शिरोळात त्याच्या कितीतरी कमी, हे सगळं एकाच जिल्ह्यात. आता ‘एरा 5’ बघ. युरोपच्या हवामान केंद्राची जगभरच्या हवामानाची ही माहिती 1940 पासूनची आहे, तासातासाची आहे आणि फुकट मिळते. पण ती जमिनीचे चौकोन पाडून देतात आणि एक चौकोन साधारण 31 किलोमीटरचा. घाटमाथा आणि त्याच्या पायथ्याचं गाव एकाच चौकोनात येऊ शकतं. तिथं प्रत्यक्ष किती पाऊस पडला हे तुझ्या पर्जन्यमापकाच्या वहीत आहे. डोंगराळ भागातल्या पावसावर काम करणाऱ्या माणसाला ती वही हवीच असते, मग तो पेरूत असो की नेपाळात.

म्हणून मेल पाच-सहा ओळींचाच लिही. तुझ्याकडं कुठल्या ठिकाणच्या किती वर्षांच्या नोंदी आहेत, त्यांच्या पेपरातली कुठली आकृती बघून कुठला प्रश्न पडला, बस्स. आणि नामवंतांना नको. ज्या पेपरानं तुला रात्री जागवलं, त्याचा पहिला लेखक शोध. बहुतेक वेळा तो तुझ्यासारखाच पीएच.डी. करणारा किंवा नुकताच झालेला असतो. त्याला उत्तर द्यायला वेळ असतो आणि त्यालाही सोबत हवी असते.

माझंच सांगते. मी पहिल्यांदा परदेशी गेले ती इटलीत, त्रिएस्तला. अब्दुस सलाम यांनी 1964 मध्ये तिथं भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र काढलं, ते आपल्यासारख्या देशांतल्या संशोधकांचाच विचार करून. हवामानाच्या कार्यशाळाही तिथं होतात आणि निवड झालेल्यांना प्रवासखर्चाची मदत मिळू शकते. पहिले दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना शेजारच्या इथिओपियाच्या मुलीला मोबाइलवर पुराच्या पाण्यात बुडालेल्या मोजपट्टीचा फोटो दाखवला. तिनं फोटो मोठा करून आकडे वाचले, मग तिच्या नदीवरच्या पट्टीचा फोटो तिच्या मोबाइलवर शोधून दाखवला. दोघींचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण फूट आणि मीटर यांवर तासभर बोलणं झालं. पुढं चार वर्षं दर बुधवारी आमचा फोन असायचा. माझा पहिला संयुक्त पेपर तिच्याबरोबरचा. त्या कार्यशाळेतल्या मोठ्या माणसांपैकी कुणीही मला पुन्हा पत्र लिहिलं नाही.

एक दुखरी गोष्टही सांगते, कारण तुझी वही मौल्यवान आहे. एका परदेशी गटाला मी तीन पावसाळ्यांच्या नोंदी सरळ पाठवून दिल्या. पेपर आला तेव्हा लेखकांत माझं नाव नव्हतं, शेवटी आभारात एक ओळ होती. तोंडी ठरलं होतं, कागदावर काही नव्हतं. त्या नोंदींसाठी मी भर पावसात एसटीनं घाट चढले होते. तेव्हा फाइल पाठवायच्या आधी मेलवर स्पष्ट लिहून घे: माहिती कशासाठी वापरणार, लेखकांत कोण, मसुदा मला कधी दाखवणार. यात उद्धटपणा नाही. नोंदी सरकारी खात्याच्या असतील तर त्यांची परवानगी आधी.

‘यंग अर्थ सिस्टिम सायंटिस्ट्स’ म्हणजे ‘येस’ या तरुण संशोधकांच्या जाळ्यात आजच नाव घाल, सभासदत्व मोफत आहे. आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, अहवालांचे मसुदे तपासायलाही स्वतःहून नाव नोंदवता येतं. तरुणांचे गट मिळून हे काम करतात, आणि अहवालाच्या एका प्रकरणावर चार देशांतल्या पोरांनी मिळून मान मोडून काम केलं की ओळख आपोआप होते. ऑर्किडचा (ORCID), म्हणजे प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख ठेवणारा, 16 अंकी क्रमांकही काढ. तुझं आडनाव पाटील, आणि एस. पाटील नावानं किती जण लिहितात हे शोधून बघ!

व्हिएन्नाची परिषद वसंतात, बहुधा एप्रिलमध्ये असते. गोषवारा जानेवारीत द्यायचा आणि प्रवासमदतीची मुदत त्याच्याही आधी संपते. म्हणजे दिवाळीपर्यंत तुझ्या हातात एक आकृती तयार पाहिजे. भाषण नको मागू, पोस्टर माग. पोस्टरपाशी लोक एकेकटे येतात, बोट ठेवून विचारतात आणि अडखळायला वेळ देतात. आकृतीत 43 फुटांची रेघ लाल रंगात काढ. ती कसली, असं कुणीतरी विचारेलच.

मेल नव्यानं लिही आणि पाठवायच्या आधी मला दाखव. बंधारा पहिल्या ओळीत.