शरदाचा मेनू : भोपळ्याला इतकी घाई कशाला?

प्रश्न : मी घरपोच जेवण पुरवते. ग्राहक आठवड्याची नोंदणी आगाऊ करतात आणि मेनू दर आठवड्याला कळवला जातो. पानगळीच्या दिवसांसाठी बारा नवे पदार्थ ठरवले आहेत. त्यांतल्या सातांत भोपळा आहे : सूप, लझान्या, भोपळा भरलेला पास्ता, मसुराबरोबर भाजलेला भोपळा वगैरे. बाकीचे पाच बीट, रताळं, मशरूम, कोबी आणि सफरचंदाचे आहेत. हा मेनू ऋतूच्या पहिल्याच सोमवारी एकदम बदलू का?

उत्तर : एकदम बदलू नका. कॅलेंडरवर ऋतू एका तारखेला बदलतो, पण ग्राहकाची भूक त्या तारखेला बदलत नाही. पहिल्या सोमवारी बाहेर चांगलं ऊन असेल आणि तुमचा डबा उघडल्यावर आत दाट, वाफाळतं, जायफळ घातलेलं सूप निघेल. ते कितीही उत्तम असलं तरी अर्धं उरेल.

शरदाचे सरळ दोन भाग करा. पहिल्या भागात उन्हाळ्याचा शेवटचा माल बाजारात असतो : टोमॅटो, मका, ढोबळी मिरची, वांगी, कोवळ्या शेंगा. तो आता जाणार आहे आणि एकदा गेला की वर्षभर तसा मिळणार नाही. भोपळ्याचं उलट आहे. जाड सालीचा, देठासकट काढलेला, कुठे मार न लागलेला भोपळा 10 ते 13 अंश सेल्सिअसच्या कोरड्या जागेत दोन-तीन महिने सहज राहतो. बटरनटसारख्या काही जाती तर साठवणीत जास्त गोड होतात, कारण आतल्या स्टार्चची हळूहळू साखर होते. म्हणजे तुम्ही ज्याला पहिल्या आठवड्यात सात ठिकाणी बसवलंय, तो थांबायला तयार आहे आणि ज्याला यादीतच घेतलं नाही तो मका निघून चाललाय! पहिले काही आठवडे मका-टोमॅटोचं पातळ सूप, भाजलेली ढोबळी मिरची आणि शेंगा, पेअर घातलेलं सॅलड असं ठेवा. भोपळा एखाद्याच पदार्थात डोकावू द्या.

थंडी पडू लागली की कंदमुळांकडे वळा. गाजर, पार्सनिप (गाजरासारखं पांढरट मूळ) आणि त्यांच्याबरोबर केल ही कोबीच्या कुळातली पालेभाजी, यांना गारवा लागला की ती स्टार्चची साखर करतात, कारण साखरेमुळे पेशींतलं पाणी गोठायला जास्त थंडी लागते. ही त्यांची स्वतःच्या बचावाची सोय, पण फायदा आपल्या जिभेला. तेव्हा भाजलेल्या गाजराचा पदार्थ उशिरा आणाल तर त्यात वरून मध ओतावा लागणार नाही.

बदल हप्त्याहप्त्याने करा. दर आठवड्याला दोन जुने पदार्थ बाहेर, दोन नवे आत. नोंदणीवर चालणाऱ्या धंद्यात ग्राहकाला ओळखीचं काहीतरी दिसावं लागतं. एखादा नवा पदार्थ फसला तरी आठवडा फसत नाही.

आता बाराचा आकडा. मी आठ ठेवले असते. भरलेला पास्ता सगळ्यात आधी काढा. हाताने भरायचा पदार्थ रेस्तराँच्या वीस थाळ्यांना शोभतो, शंभर डब्यांना नाही. लझान्या ठेवा, ती कापायला आणि भरायला सोपी जाते आणि प्रवासात बिघडत नाही. भोपळ्याचे पदार्थ तीनवर आणा आणि एकाच घरी ते लागोपाठ जाणार नाहीत एवढं बघा. त्यासाठी पूर्ण आठवडा एका कागदावर मांडा आणि प्रत्येक पदार्थापुढे तीन गोष्टी लिहा : रंग, चावताना कसा लागतो, आणि कशावर शिजतो. पहिल्या रकान्यात सलग केशरी दिसेल ते तुम्हाला अपेक्षितच असेल. तिसऱ्या रकान्यात मात्र धक्का बसेल, कारण तिथे जवळजवळ सगळीकडे ‘ओव्हन’ लिहिलेलं असेल.

शरदाच्या मेनूचा खरा घोटाळा इथे होतो. भाजलेल्या भाज्या, लझान्या, केक, सगळ्यांना तोच ओव्हन त्याच वेळी हवा असतो. फ्लॉवरला 220 अंश हवेत, कस्टर्डला 160. दोघं एकत्र बसत नाहीत. मग घाईत ट्रे ठासून भरले जातात आणि भाजी भाजण्याऐवजी स्वतःच्याच वाफेत उकडते. म्हणून एका दिवशी ओव्हनचे दोनच पदार्थ, बाकीचे गॅसवर. मशरूम आणि बार्ली, मंद आचेवर शिजलेला लाल कोबी, राजम्याचा स्ट्यू यांना ओव्हनची गरज नाही.

किंमत काढताना भोपळ्याचं खरेदीचं वजन धरू नका. साल, बिया आणि धागे गेल्यावर किलोचा साधारण 700 ग्रॅम उरतो आणि भाजताना पाणी उडून आणखी घटतो. जातीप्रमाणे हे बदलतं, म्हणून तुमच्या काट्यावर एकदा कच्चं, सोललेलं आणि भाजलेलं अशी तिन्ही वजनं घ्या आणि डब्यात पडणाऱ्या वजनावर हिशेब करा. बिया टाकू नका. धुऊन, वाळवून, भाजून सूपवर घालायला ठेवा.

साठवणीबद्दल दोन वाक्यं. रताळी फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीने ती आतून कडक पडतात आणि शिजवूनही मऊ होत नाहीत. सफरचंदं गाजरांजवळ ठेवू नका, त्यांच्यातून निघणाऱ्या एथिलीन वायूने गाजर कडू होतं.

आणि दालचिनी एकाच पदार्थात. हा नियम नाही, माझा हट्ट आहे.

प्रश्न : ओव्हनमधून काढलेल्या भाज्या कुरकुरीत असतात, ग्राहकाकडे पोचेपर्यंत लिबलिबीत. डबा बदलू का?

उत्तर : डबा बदलून थोडाच फरक पडेल. वाफ जायला झाकणाला भोक हवं, आणि भाजी भरण्याआधी काही मिनिटं ट्रेवरच पसरून ठेवायला हवी. पण बंद डब्यात कुरकुरीतपणा टिकवण्याच्या मागे फार लागू नका. तो वेगळा पाठवा : भाजलेल्या बिया, ब्रेडचा चुरा, तळलेला कांदा, छोट्या पुडीत. मुख्य पदार्थ मुरल्यावर चांगला लागणारा निवडा.

मुरताना तो घट्टही होतो, हे धरून चला. मसुराचं सूप आणि बार्ली उभ्या उभ्या पाणी पितात, पास्ता सॉस शोषतो. स्वयंपाकघरात थोडं पातळ वाटलं तर ते घरी बरोबर पोचेल. कुठलाही नवा पदार्थ मेनूवर घेण्याआधी डबा भरा, झाकण लावा, तुमच्या सगळ्यात लांबच्या ग्राहकाला लागतो तितका वेळ तसाच ठेवा आणि मग खा. पातेल्यातून चमचाभर चाखून घेतलेला निर्णय इथे उपयोगाचा नाही.

प्रश्न : रात्री मोठ्या पातेल्यात सूप करून ओट्यावर गार होऊ देते आणि सकाळी फ्रीजमध्ये ठेवते. चालेल ना?

उत्तर : नाही, अजिबात नाही. खोल पातेल्याचा मधला भाग तासन् तास कोमट राहतो आणि जंतूंना तेच हवं असतं. उथळ ट्रेमध्ये ओता किंवा पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा. साधारण 60 अंशांवरून 21 अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून 5 अंशांच्या खाली पुढच्या चार तासांत यायला हवं. सकाळी मधोमध थर्मामीटर घालून 75 अंश होईपर्यंत तापवा. भात आणि इतर शिजवलेल्या धान्यांना तर जास्तच जपा. बॅसिलस सीरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही तग धरतात आणि धान्य कोमट राहिलं की त्यांच्यापासून वाढणारे जंतू जे विष तयार करतात, ते पुन्हा तापवून जात नाही.

प्रश्न : अक्रोड, हेझलनट सगळ्याच पदार्थांवर छान दिसतात. लेबलवर ‘सुकामेवा’ लिहिलं की पुरे का?

उत्तर : पुरत नाही. कुठला ते नावानिशी लिहा, आणि सेलरी ही वासाची देठभाजी असेल तर तीही लिहा. ती सूपच्या स्टॉकमध्ये विरघळून दिसेनाशी होते, पण तिची ॲलर्जी असलेले लोक असतात. पीठ लावून घट्ट केलेल्या सूपवर गहू लिहायचा राहतो, तोही तपासा. सुकामेवा वरून घालायचाच असेल तर वर सांगितलेल्या पुडीत द्या, म्हणजे ज्याला नको त्याच्या डब्यात ती पुडी टाकायचीच नाही. फक्त ती भरणारा हात आणि सूप भरणारा हात वेगळा ठेवा.