वाचकांचे प्रश्न : गप्प बसलेले पिल्लू

प्रश्न : आमच्या पडवीतील लाकडांच्या ढिगामागे मांजर व्याली. पिल्लांना सात घरे फिरवताना तिने एक पिल्लू नेले, दोन मागेच राहिली. दात आले आहेत, त्यावरून ती सव्वा-दीड महिन्याची असावीत. आम्ही त्यांना गाईचे दूध आणि दूधभात घालत होतो. गेल्या शनिवारी एकाला उलट्या सुरू झाल्या, मग रक्त मिसळलेले जुलाब झाले आणि सोमवारी सकाळी ते गेले. आता दुसरे कालपासून खात नाही. पाण्याच्या वाटीपाशी मान खाली घालून बसते, पण पीत नाही. घरातील मोठी माणसे म्हणतात, ‘मांजराची जात काटक, आपोआप बरे होईल.’ आजार वेळेत कसा ओळखावा? लहान मुलांचे तापाचे औषध दोन थेंब दिले तर चालेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : पत्रावर फोन क्रमांक होता म्हणून ‘आजच्या आज दवाखाना गाठा’ एवढे तुम्हाला त्याच दिवशी कळवले. ज्यांच्या घरी अशीच पिल्ले आहेत त्यांच्यासाठी येथे सविस्तर लिहीत आहे.

तापाच्या औषधाचे आधी सांगतो, कारण तेथे चूक झाली तर पुढचे सगळे निरर्थक ठरते. मुलांच्या त्या गोड औषधात बहुधा पॅरासिटामॉल असते आणि ते मांजराला विष आहे. माणसाचे यकृत ज्या रासायनिक क्रियेने हे औषध निष्प्रभ करून बाहेर टाकते, ती मांजरात फार दुबळी असते; त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीच जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजते. ‘दोनच थेंब’ हा हिशेब जेमतेम सहा-सातशे ग्रॅमच्या जिवाला लावता येत नाही.

तुम्ही लिहिलेले पाण्याच्या वाटीचे वर्णन वाचूनच मला शंका आली. तहान आहे, मळमळीमुळे गिळवत नाही, म्हणून पिल्लू वाटीवर हनुवटी झुकवून तासन्‌तास बसते. आधीच्या पिल्लाचे रक्ताचे जुलाब आणि दोन दिवसांतला मृत्यू यांच्याशी हे जोडले, तर मांजरांच्या पार्व्होची, म्हणजे पॅनल्युकोपेनियाची, दाट शक्यता वाटते. अर्थात निदान तपासणीनंतरच होते. हा विषाणू आतड्याचे अस्तर आणि हाडांतील मगज यांच्यावर एकदमच घाला घालतो. एकीकडे शरीरातले पाणी जाते आणि दुसरीकडे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. माणसाला हा रोग होत नाही, घरात लहान मूल असले तरी त्याची भीती नको.

आता ओळखण्याविषयी. पिल्लू आजारी पडले की ओरडत नाही, गप्प होते. दवाखान्यात पिल्लू आणणाऱ्यांचे पहिले वाक्य बहुतेक वेळा ‘कालपर्यंत तर खेळत होते’ हेच असते आणि ते खरेही असते, कारण एवढ्या वयात शरीरात साखरेचा साठाच नसतो. मोठे मांजर एक दिवस उपाशी काढील, पिल्लू काही तासांत ढासळते. म्हणून भावंडे वाटीवर तुटून पडलेली असताना एखादे कोपऱ्यात बसून राहिले, तर त्याला लगेच हातात घ्या. ओठ वर करून हिरडी पाहा. ती गुलाबी आणि ओलसर असावी. बोटाला चिकटली तर शरीरातले पाणी कमी झाले आहे, पांढरट दिसली तर रक्त कमी आहे. पिसवांनी भरलेल्या पिल्लाच्या हिरड्या अशा कागदासारख्या झालेल्या मी पुष्कळदा पाहिल्या आहेत. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा वर आला असेल, पंजे आणि कान गार लागत असतील, तर उद्याची वाट पाहू नये. स्वयंपाकघरातील छोट्या काट्यावर रोज वजन करण्याची सवय तर फारच चांगली. या वयात वजन रोज साधारण १० ते १५ ग्रॅमने वाढते. ते जागच्या जागी थांबले किंवा उतरले, तर बाकीची लक्षणे दिसण्याआधीच काटा सांगतो.

पिल्लू गार पडले असेल तर दूध पाजू नका. हे सांगितले की लोकांना क्रूरपणा वाटतो, पण गारठलेल्या पिल्लाचे आतडे हलत नाही. दूध पोटात तसेच पडून राहते किंवा फुप्फुसात उतरते. आधी ऊब, मग अन्न. कोमट पाण्याची बाटली जाड सुती कापडात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्या भागात ठेवा आणि उरलेला अर्धा मोकळा सोडा, म्हणजे फार गरम झाल्यास त्याला सरकता येईल. गुदद्वारात थर्मामीटरने मोजलेले तापमान १०० ते १०२ अंश फॅरनहाइट असावे. ९९ च्या खाली असेल तर सावकाश, तासाभरात ऊब द्यावी. फारच मलूल असेल, तर ग्लुकोजची पूड कोमट पाण्यात कालवून तिचे एक-दोन थेंब हिरडीवर चोळा. शुद्ध नसलेल्या पिल्लाच्या तोंडात काहीही ओतू नका.

ऊब देत देतच निघायची तयारी करा. विषाणू मारणारे औषध नाही. सलाइन, उलटी थांबवणारे इंजेक्शन आणि जंतुसंसर्ग रोखणारी प्रतिजैविके यांच्या आधाराने पिल्लाला वेळ मिळवून द्यायचा असतो. पहिले पाच दिवस निघाले की बहुतेक वाचतात. खासगी डॉक्टर जवळ नसल्यास तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. तेथे गुरांची गर्दी असते म्हणून मांजर घेऊन जायला अनेकांना संकोच वाटतो. तो बाळगू नये.

राहिली जागेची गोष्ट. हा विषाणू कोरड्या जागी वर्षभर टिकतो आणि साबण किंवा स्पिरिट यांना दाद देत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी करून फरशी दहा मिनिटे ओली ठेवावी, नंतर धुवावी. फिनाइल वापरू नये. त्यातील द्रव्ये मांजराला बाधतात. अंथरूण जाळून टाका. नवे पिल्लू आणायचे झाल्यास आठव्या आठवड्यापासून सुरू होणाऱ्या एकत्रित लसीचे डोस आधी पूर्ण होऊ द्या. आणि गाईचे दूध बंद करा, त्यातील साखर पचत नाही. आजारी नसलेल्यालाही त्याने जुलाब होतात.

प्रश्न : महिन्याभराच्या पिल्लाचे डोळे चिकटले आहेत, शिंका येतात. वाटीपाशी जाते, हुंगते आणि मागे फिरते. घरात डोळ्यांचे जुने थेंब आहेत, ते घालावेत का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जुने थेंब घालू नका. त्यांत स्टिरॉइड असेल आणि बुबुळावर व्रण असेल, तर डोळा जाऊ शकतो. ही मांजरांची सर्दी आहे आणि तिच्यामागे बहुधा हर्पिस किंवा कॅलिसी विषाणू असतो. पिल्लू हुंगून मागे फिरते, कारण नाक चोंदल्याने अन्नाचा वास येत नाही, आणि वास आल्याशिवाय मांजर खात नाही. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पापण्यांवरची खपली आधी मऊ करा, मग नाकाकडून कानाकडे पुसा, प्रत्येक डोळ्याला नवा बोळा घेऊन. गरम पाणी सोडलेल्या बंद न्हाणीघरात दहा मिनिटे घेऊन बसा, मग उकडलेल्या माशाचा कोमट लगदा पुढे ठेवा. बाम, कापूर, निलगिरीचे तेल जवळही आणू नका. डॉक्टरांना एक-दोन दिवसांत दाखवाच, मात्र पिल्लू तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागले, तर रात्र असली तरी निघा.