बाळ येणारे, आता कुत्र्याला घराबाहेर काढायचं का?

हा प्रश्न इतक्यांदा येतो की परवा परत एकीने विचारला तेव्हा तिला मी माझ्या समुपदेशनातली ही जुनी केसच सांगितली, तुम्हालाही सांगते. ओळख पटेल असं सगळं अर्थातच बदललंय.

कोथरूडमधलं टू बीएचके, नवरा आयटीत, बायको बँकेत आणि तिला सातवा महिना. सासूबाई मूळच्या साताऱ्याकडच्या, सासरे गेल्यापासून यांच्याकडेच राहतात. आणि बिस्कीट, म्हणजे रस्त्यावरून उचलून आणलेलं चार वर्षांचं देशी कुत्रं. सासूबाईंचं एकच, कुत्र्याचे केस पोटात जाऊन गाठ होते, बाळाला रोग होतील, याला कुठेतरी सोडून या. सूनबाई नेटवरचं सगळं वाचून आलेली, अगदी वकिलासारखी मुद्दे मांडत होती. नवरा मधे बसून फोन बघत होता.

खरं सांगायचं तर पहिल्या सेशनला मी मनातून सुनेच्याच बाजूने होते, माझ्या घरीही कुत्री आहे ना, त्यामुळे सासूबाई म्हणजे जुन्या विचारांच्या असं मी आधीच ठरवून टाकलं होतं. चूकच होती ती.

पुढच्या वेळी त्यांना एकटीला बोलावलं आणि सहज विचारलं, काकू, तुमच्या लहानपणी घरी कुत्रं होतं का हो? बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, धाकटा भाऊ गेला माझा. नऊ वर्षांचा होता, गावात कुत्रं चावलं, आजीने जखमेवर लाल तिखट भरलं, वर चुना लावला, बरं झालं म्हणून सगळे विसरले. दवाखान्यात नेलं असतं तर पोटात चौदा इंजेक्शनं घेतात म्हणून पोरगं घाबरलं होतं आणि घरच्यांनीही टाळलं. दोनेक महिन्यांनी त्याला पाण्याची भीती वाटायला लागली. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पन्नास वर्षं हे पोटात ठेवलेलं, मुलालाही माहीत नव्हतं. अशा बाईला "अहो काही होत नाही, तुम्ही उगाच घाबरता" म्हणायचं? त्यांची भीती खोटी नव्हतीच, रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण ती पोटातली चौदा इंजेक्शनं आपल्याकडे 2004-05 च्या सुमारास बंद झाली, आता दंडात घेतात, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि गरोदरपणातही देता येतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तिखट-चुना नाही तर वाहतं पाणी आणि साबण, चांगली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा, हे मी सांगितलं तर म्हणाल्या, "एवढंच?" त्या "एवढंच"ने मला गलबलून आलं.

तिसऱ्या सेशनला सगळे एकत्र. मी पहिलं विचारलं, बिस्कीटचं लसीचं पुस्तक कुठंय? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. रेबीजचा वार्षिक डोस दोन वर्षं चुकलेला! जंताचं औषध कधी दिलं तेही आठवेना. आणि फिरायला नेल्यावर शी उचलता का, तर नवरा म्हणाला, मातीत करतो ना तो, जिरते. म्हणजे वाद घालण्यात सूनबाई हुशार, पण घरात खरा प्रश्न सासूबाईंनाच पडला होता.

आणि जिरत नाही हो ती. कुत्र्याच्या शीमधून गोलकृमीची अंडी मातीत जातात, ताजी असताना त्यांचा संसर्ग होत नाही पण दोनेक आठवड्यांत ती तयार होतात, मग खाली खेळणारं पोर मातीचा हात तोंडात घालतं. म्हणून लगेच उचलायची, एवढं साधं आहे. पावसाळ्यात लेप्टोचंही (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचं) बघायला लागतं, तो उंदरांच्या आणि कुत्र्यांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतो, कुत्र्याला त्याची लस मिळते. गोचीड बघायचे. केसांनी पोटात गाठ होण्याची भीती मात्र सोडून द्या, आणि गरोदर बाईने टॉक्सोप्लाझ्मासाठी (पोटातल्या बाळाला अपाय करू शकणारा परजीवी) जपायचं ते मांजराच्या शीला आणि कच्च्या मांसाला, कुत्र्याला नाही. बाळ आल्यावर एक नियम कडक, बाळ आणि कुत्रं खोलीत दोघंच कधीच नाही, कुत्रं कितीही गरीब असो.

कुत्रं काढायचं की ठेवायचं हे मी सांगितलंच नाही, कामं वाटून दिली. लस आणि जंताचं औषध नवऱ्याकडे, शी उचलायची पिशवी सूनबाईकडे (वाकता येईना तेव्हा नवऱ्याकडेच गेली), आणि तारखांवर लक्ष सासूबाईंचं. त्या म्हणाल्या, मी हात लावणार नाही हां त्याला. मी म्हटलं, नका लावू.

बाळ आता चालायला लागलंय. मधे सासूबाईंचा फोन आला होता, बाळाचं लसीचं कार्ड आणि बिस्कीटचं पुस्तक एकाच पिशवीत त्यांच्या कपाटात असतं म्हणे, आणि मुलाने तारीख पुढे ढकलली म्हणून तक्रार करत होत्या. स्वयंपाकघरात मात्र बिस्कीटला अजून एन्ट्री नाही, आणि त्याबद्दल मी काही बोलले नाही.