प्रकाशाचा आयाम वाढला तर रंग बदलतो का?

आयाम (लाटेतलं हेलकावं मधल्या पातळीपासून किती दूर जातं ते) वाढला की आवाज चढतो, मग प्रकाशाचा आयाम वाढला की रंगही बदलत असेल ना, असं तुम्ही विचारलंय. नाही बदलत. प्रकाश फक्त प्रखर होतो.

घोळ 'चढतो' या शब्दात आहे. कुणी ओरडलं की आपण म्हणतो, 'वरच्या पट्टीत बोलू नकोस'. पट्टी ठरते वारंवारितेवर (सेकंदाला किती कंपनं होतात त्यावर), मोठेपणा आयामावर. (ओरडताना माणसाचं दोन्ही वाढतं, त्यामुळे भाषेला तरी किती दोष द्यायचा!)

मी काही वर्षं पथकात ढोल वाजवलाय. नदीपात्रातल्या सरावात हा फरक हातालाच कळतो. टिपरू जोरात हाणलं की पान जास्त हलतं, हवेच्या दाबातले चढउतार वाढतात, दणका मोठा होतो. ढोलाची पट्टी बदलायची तर दोरी आवळून पान ताणावं लागतं. ताशा कडकडतो तो लहान, घट्ट ताणलेल्या पानामुळे. तो हळू वाजवला तरी ढोलासारखा घुमणार नाही.

आयाम दुप्पट केला की तीव्रता, म्हणजे लाट वाहून नेते ती ऊर्जा, चौपट होते, कारण ती आयामाच्या वर्गावर अवलंबून असते. कानाला मात्र चौपट वाटत नाही. आवाजाची पातळी डेसिबेलमध्ये मोजतात, आणि ही वाढ जेमतेम 6 डेसिबेलची. आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबेल लागतात, म्हणजे दसपट तीव्रता. कानाचा आवाका अफाट आहे. हवेच्या दाबातला चढउतार पास्कलमध्ये मोजला तर जेमतेम ऐकू येणारा आवाज 20 मायक्रोपास्कलचा (पास्कलच्या दहा लाखाव्या भागाचे 20), दुखवणारा सुमारे 20 पास्कलचा. आयामात दहा लाख पट फरक, तीव्रतेत एक लाख कोटी पट! मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आयाम निम्मा होतो. पेठांतल्या गल्लीत भिंती आवाज परतवतात, म्हणून मिरवणूक पुढे गेली तरी कान सुटत नाहीत.

प्रकाशात हवा हलत नाही, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं हलतात. त्यांचा आयाम म्हणजे प्रखरता, वारंवारिता म्हणजे रंग. डिमरने जुना पिवळा बल्ब मंद केला की लालसर दिसतो, हे खरं. पण तिथे तार थंड होऊन तिच्यातून निघणाऱ्या रंगांचं मिश्रणच बदलतं.

प्रखरता आणि रंग वेगळे, हे एका प्रयोगातही दिसतं. जस्ताच्या पत्र्यावर साधा लाल दिवा कितीही प्रखर करून टाका, एकही इलेक्ट्रॉन सुटत नाही. मंद अतिनील किरणांनी (त्यांची वारंवारिता लालपेक्षा खूप जास्त) मात्र लगेच सुटतात. हे कोडं आईनस्टाईनने 1905 साली सोडवलं: प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा वारंवारितेवर ठरते, प्रखरता वाढवली की फक्त कणांची संख्या वाढते.